वाचकांचे प्रश्न : सेकंडहँड फोर बाय फोर घ्यायचीय, नेमकं काय बघू?

या वेळी पत्रं भरपूर आलीत आणि बरीचशी एकाच गोष्टीवर आहेत, घरची जुनी गाडी थकलीय आणि तिच्या जागी वापरलेली फोर बाय फोर एसयूव्ही घ्यायचीय. म्हणून हे सगळं सदर त्यालाच दिलंय. पहिलं उत्तर लांबलंय, पण बाकीच्यांनीही ते आधी वाचा, पुढची उत्तरं त्यावरच उभी आहेत.

प्रश्न : ताई, नमस्कार. आमची घरची गाडी १४ वर्षांची झालीय, पुढच्या चाकांवर चालणारी साधी मोठी गाडी आहे, इतकी वर्षं तिने काही त्रास दिला नाही पण आता दर दोन महिन्यांनी काहीतरी निघतंच. त्यात आम्ही घर बदललं, नव्या घराच्या अलीकडचा दीड किलोमीटर रस्ता कच्चा आहे आणि मध्ये एक चढ असा आहे की पाऊस झाला की चाकं जागच्या जागी फिरतात, मागच्या वेळी मुलांना उतरवून चालत न्यावं लागलं. घरात आम्ही दोघं, दोन मुलं (धाकट्याला अजून चाइल्ड सीट लागते) आणि सासूबाई, त्यांचे गुडघे दुखतात. नवी परवडत नाही. नवरा म्हणतो लँडक्रूझरच घेऊ, कितीही जुनी असली तरी चालेल, मी म्हणते आरएव्ही-फोर किंवा फॉरेस्टरसारखी जरा हलकी बघू. रोज वाद होतोय, तुम्हीच एक नाव सांगून टाका.

उत्तर : नाव सांगते, पण आधी तुमच्या त्या चढाचं बोलू. चढावर गाडीचं वजन मागे सरकतं, पुढची चाकं हलकी पडतात, आणि तुमच्या गाडीत ओढायचं काम फक्त पुढच्याच चाकांकडे आहे, म्हणजे ज्यांच्यावर भार कमी त्यांच्याकडूनच सगळी ताकद मागतोय आपण, मग ती फिरणारच. मागच्या चाकांनाही ताकद मिळाली की हा प्रॉब्लेम बहुतेक सुटतो आणि त्यासाठी साधी ऑल व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना आपोआप ताकद वाटणारी गाडी) पुरते. लँडक्रूझरसारख्या गाडीत जो लो रेंजचा गिअर असतो तो वेगळ्या कामाचा आहे, त्यात इंजिनाचा जोर आणखी दोन-अडीच पट होऊन चाकांपर्यंत पोचतो आणि गाडी माणसाच्या चालीने दगडधोंड्यांतून, खोल चिखलातून, अंगावर येणाऱ्या उतारावरून जाते. घरापर्यंतच्या दीड किलोमीटरला तो लागू नये. तरी एक काम करा, रस्ता सगळ्यात खराब असेल त्या दिवशी दोघंही तो चालत जा आणि दोन चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा किती आहे ते वीत लावून बघा. वीतभर उंच असेल तर हलक्या एसयूव्हीचं पोट तिथे घासणार, कारण त्यांची जमिनीपासूनची उंची बहुतेक १७० ते २२० मिलिमीटरच असते, मग नवऱ्याचं म्हणणं विचारात घ्यावं लागेल. चार बोटं असेल तर तुमचं बरोबर.

आता ते "कितीही जुनी असली तरी चालेल" म्हणतात त्याबद्दल. लँडक्रूझरचा वंश १९५१ पासूनचा आहे, लष्करी कामासाठी केलेल्या गाडीतून आलेला, शिडीसारख्या जाड चेसिसवर बॉडी बसवलेली, आणि त्या गाड्या टिकतात यात शंकाच नाही. पण मोठ्या लँडक्रूझरचं वजन दोन टनांच्या वर जातं, म्हणजे टायर महाग, ब्रेक महाग, पेट्रोल-डिझेल जास्त, आणि गाडी कितीही दणकट असली तरी तिच्यातलं रबर आणि पाइप म्हातारे होतातच. आरएव्ही-फोर १९९४ मध्ये आली तीच कारसारख्या एकसंध बॉडीवर, वजन दीड टनाच्या आसपास, घरच्या वापराला सोपी. दुसरं म्हणजे उंच गाडी घसरली की उलटायची भीती जास्त असते, त्यामुळे स्टॅबिलिटी कंट्रोल (घसरणारी गाडी आपोआप सावरणारी सोय) नसलेली उंच गाडी मुलांसाठी घेऊ नका असं मी अगदी कळकळीने सांगेन. ही सोय १९९५ पासून गाड्यांत यायला लागली पण अमेरिकेत सगळ्या नव्या कार आणि एसयूव्हींना ती सक्तीची झाली २०१२ च्या मॉडेलपासून आणि युरोपात २०१४ च्या शेवटी, म्हणजे त्याच्या आधीच्या गाडीत ती असेलच असं नाही. विकणाऱ्याला विचारत बसू नका, चावी फिरवा, मीटरमध्ये घसरणाऱ्या गाडीचं चित्र क्षणभर पेटून विझलं पाहिजे. पेटलंच नाही तर एकतर ती सोय नाही किंवा कुणीतरी दिवा काढून ठेवलाय.

सासूबाईंना गाडी बघायला घेऊन जाच. सीट त्यांच्या कमरेच्या उंचीला असेल तर त्या बसतात आणि वळतात, खूप वर असेल तर चढावं लागतं, खूप खाली असेल तर उठताना गुडघ्यावर येतं, आणि हे आकड्यांवरून कळत नाही, त्यांना दोनदा चढू-उतरू द्या. चाइल्ड सीटही सोबत न्या, आयसोफिक्सचे (चाइल्ड सीट अडकवायचे) हूक नुसते आहेत म्हणून चालत नाही, ती सीट लावल्यावर शेजारी दोन माणसं बसतात का हे लावूनच कळतं.

आता माझं स्वतःचं सांगते, कारण त्यानंतरच मी गाडी बघायची रीत बदलली. माझी पहिली फोर बाय फोर मी एका गाड्या विकणाऱ्याकडून घेतली, रंग चकचकीत, आतून स्वच्छ, त्याने माझ्यासमोर लिव्हर ओढला, फोर व्हीलचा हिरवा दिवा लागला, मी खूश. चार महिन्यांनी ओल्या गवताच्या उतारावर अडकले, दिवा लागलेला, मागची चाकं चिखल उडवतायत आणि पुढची ढिम्म. मेकॅनिकने गाडी लिफ्टवर घेतली आणि मला खाली बोलावलं. ट्रान्सफर केसपासून (ताकद पुढे-मागे वाटणारी पेटी) पुढच्या डिफरन्शियलकडे (डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटणारा गोळा) जो प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे ताकद नेणारा लांब दांडा, जातो तो नव्हताच. दोन्ही टोकांना बोल्टांची रिकामी भोकं, त्यात वाळलेला चिखल बसलेला, म्हणजे शाफ्ट काढून बराच काळ लोटला होता, बहुतेक थरथर येत होती म्हणून दुरुस्त करायच्या ऐवजी काढून टाकला. आणि दिवा का लागायचा, तर त्याचं बटण ट्रान्सफर केसवर असतं, आतला गिअर सरकला की दिवा लागतो, पुढे शाफ्ट आहे की नाही हे त्याला कळतच नाही. शाफ्ट, जॉइंट, सील सगळं नव्याने घालेपर्यंत माझे जे पैसे गेले त्याहून मला वाईट वाटलं ते याचं, की मी एकदा खाली वाकून बघितलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं.

म्हणून तुम्ही दोघंही जुनी चादर आणि टॉर्च घेऊन जा आणि गाडीखाली खरंच झोपा (नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका, चारही चाकं जमिनीवर असू देत, नाहीतर गॅरेजची लिफ्ट मिळवा). सगळ्यात आधी मागे डिफरन्शियलचा गोळा आणि त्याच्याकडे जाणारा शाफ्ट आहे का बघा, कारण तुम्ही म्हणताय तसल्या बऱ्याच मॉडेल्स फक्त दोन चाकांवर चालणाऱ्याही विकल्या जातात, बाहेरून अगदी सारख्या दिसतात, आणि मागच्या दारावरचा बिल्ला कुणीही चिकटवू शकतो. मग शाफ्ट हाताने धरून दोन्ही बाजूंना पिळा, किंचित हालचाल चालते, खटखट करून हलत असेल तर जॉइंट गेले. चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टवर रबराचे घडीघडीचे बूट असतात, त्यांच्या घड्या बोटांनी उघडून बघा, चीर असेल तर आतलं काळं ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला गोल फवारल्यासारखं उडालेलं दिसतं. डिफरन्शियलवर तेलाची ओल आणि तिच्यावर धूळ बसलेली असेल तर घाबरू नका, थेंब लोंबत असेल तर सील बदलावं लागणार. आणि जमलं तर मेकॅनिककडून डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केसचं तेल थोडं काढून बघा, दुधाळ चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय, म्हणजे ती गाडी खोल पाण्यातून गेली आणि नंतर कुणी तेल बदललं नाही.

गंज बघताना शिडीच्या चेसिसवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने टकटक करत पुढून मागे जा, चांगल्या पत्र्याचा आवाज टणक येतो, आतून खाल्लेल्या जागी तोच आवाज बसका होतो, फरक कानाला लगेच कळतो. मागच्या चाकांच्या वर चेसिस जिथे वाकते तिथे आणि स्प्रिंगच्या पाट्यांच्या टोकांना जास्त वेळ द्या, चिखल तिथेच साठतो. सगळी गाडी जुनी आणि खालून मात्र ताजा काळा रंग मारलेला, असं दिसलं तर मी उठून घरी येईन.

आता नाव. उंचवटा कमी असेल तर तुमची फॉरेस्टर किंवा आरएव्ही-फोर, या दोघींत जिची सर्व्हिसची बिलं सलग असतील आणि जी खालून कोरडी असेल ती, मग ती दोन वर्षं जास्त जुनी का असेना. चकचकीत पण कागद नसलेल्या गाडीपेक्षा दोन ओरखडे असलेली आणि एकाच घरात वापरलेली गाडी मी डोळे झाकून घेईन. आणि सगळे पैसे गाडीतच घालू नका, दहा-पंधरा टक्के बाजूला ठेवा, सगळी तेलं, फिल्टर, बॅटरी आणि बहुधा चार टायर हे पहिल्या दोन महिन्यांत निघतंच. टायर तर त्या चढासाठी ऑल व्हील ड्राइव्हइतकेच महत्त्वाचे आहेत, गुळगुळीत टायरवरच्या फोर बाय फोरला चांगल्या टायरची साधी गाडी मागे टाकते, आणि ब्रेक लावल्यावर तर फोर बाय फोरचा काहीच उपयोग नसतो, ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर असतात.

प्रश्न : मी बघितलेल्या गाडीत लिव्हर फोर-हाय (चारही चाकांना ताकद) वर टाकून पक्क्या कोरड्या रस्त्यावर पूर्ण वळवली तर गाडी अडखळते, कुणीतरी मागून धरल्यासारखी, आणि सरळ झाली की खाली धाडकन आवाज येतो. विकणारा म्हणतो दादा हे नॉर्मल आहे, तो फसवतोय का?

उत्तर : नाही, पार्ट टाइम फोर बाय फोर (लिव्हर टाकला तरच चारही चाकांना ताकद देणारी) असेल तर तो खरं बोलतोय, उलट तुमची पुढची चाकं खरोखर ओढतायत याचा तो पुरावाच आहे. वळताना पुढची चाकं मोठ्या वर्तुळातून जातात आणि मागची लहान, म्हणजे पुढच्यांना जास्त अंतर कापायचं असतं, पण पार्ट टाइम सिस्टिममध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधलेले असतात, दोघांना एकाच वेगाने फिरावं लागतं. चिखलात किंवा बर्फात टायर थोडं घसरून तो फरक सोडवतात, कोरड्या रस्त्यावर घसरायला जागा नसते म्हणून सगळ्या सांध्यांत पीळ साठत जातो आणि तो सुटला की धाडकन आवाज. असं चालवत राहिलात तर ट्रान्सफर केसची चेन आणि जॉइंट खराब होणार, त्यामुळे ही टेस्ट खडीच्या रस्त्यावरच करा आणि पक्क्या रस्त्यावर टू-हाय (दोनच चाकांना ताकद) मध्येच राहा.

मात्र जिला लिव्हर नाही, जी आपली आपण ताकद वाटते अशी गाडी कोरड्या रस्त्यावर अडखळत असेल तर ते अजिबात नॉर्मल नाही. फुल टाइम सिस्टिममध्ये पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये तिसरं डिफरन्शियल असतं (१९७० ची पहिली रेंज रोव्हर, १९७७ ची निवा या तशाच), ते हा फरक सोडवतं, आणि हलक्या एसयूव्हीत तेच काम बरेचदा प्लेटांचा क्लच करतो. तिथे वळताना थरथर आली तर क्लचचं तेल खराब झालेलं असतं, नाहीतर टायर कमी-जास्त असतात, नाहीतर क्लचच गेलेला असतो, आणि यातलं नेमकं काय हे कळल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणखी एक, फोर व्हील वर्षानुवर्षं लावलंच नसेल तर ते अडकून बसतं, म्हणून लो रेंजसुद्धा लावून बघा, लागायला वेळ लागला तर पाच-सहा वेळा लावा-काढा, सुटलं तर ठीक. घेतल्यावर महिन्यातून एकदा तरी कच्च्या रस्त्यावर थोडं चालवत जा.

प्रश्न : ऑल व्हील ड्राइव्ह गाडी पसंत पडलीय, तीन टायर झिजलेले आहेत आणि एक कोरा करकरीत. मालक म्हणतो पंक्चर इतकं मोठं होतं की बदलावाच लागला. चालेल ना?

उत्तर : मालकाचं काही चुकलं नसेल, पण गाडीचं नुकसान झालेलं असू शकतं. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते, झिजता झिजता ती बऱ्याच देशांत कायद्याने ठरवलेल्या १.६ मिलिमीटरपर्यंत येते, आणि झिजलेला टायर घेरानेही लहान होतो म्हणजे तेवढंच अंतर जायला जास्त फेरे मारतो. ऑल व्हील ड्राइव्हच्या सिस्टिमला वाटतं हे चाक घसरतंय, ती सतत सावरायला बघते आणि आतला क्लच किंवा डिफरन्शियल तापत राहतं. बऱ्याच कंपन्या चारही टायरच्या नक्षीत दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको म्हणतात. टायरच्या कडेवर चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. त्या नव्या टायरची तारीख बघा, किती दिवस तसाच चाललाय याचा अंदाज येईल, मग रिकाम्या जागेत पूर्ण स्टिअरिंग वळवून हळू गोल फिरवा. गुळगुळीत फिरली तर चारही टायर बदलायचा खर्च किमतीतून मागून घ्या आणि गाडी खुशाल घ्या.

प्रश्न : डिझेल घेऊ की पेट्रोल? रोजचं चालवणं म्हणजे शाळा आणि बाजार, जाऊन-येऊन आठ किलोमीटर.

उत्तर : पेट्रोल. अलीकडच्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या लायनीत काजळी धरणारा फिल्टर असतो, तो भरला की गाडी स्वतःच ती काजळी जाळते पण त्यासाठी धूर पाचशे-सहाशे अंश सेल्सिअसपर्यंत तापावा लागतो आणि गाडी बराच वेळ सलग चालावी लागते. चार किलोमीटरवर तुम्ही गाडी बंद करणार, म्हणजे काजळी जळणार नाही, फिल्टर तुंबणार, जादाचं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरणार, आणि फिल्टर बदलायचा खर्च ऐकून झोप उडते. ज्यांना ट्रेलर ओढायचाय किंवा रोज लांब जायचंय त्यांनी डिझेल जरूर घ्यावं, तिथे त्याच्या कमी आरपीएमच्या ताकदीला तोड नाही.

प्रश्न : आम्ही गाडी बघायला दोनदा गेलो, दोन्ही वेळा मालकाने ती आधीच चालू करून ठेवली होती. यात काही आहे का?

उत्तर : असेलही, नसेलही, पण तिसऱ्या वेळी सांगून जा की गाडी थंड पाहिजे, आणि पोचल्या पोचल्या बॉनेटवर हात ठेवा. थंड इंजिन पहिल्यांदा चालू होताना जे सांगतं ते गरम इंजिन लपवतं, म्हणजे चेनची खडखड, निळा धूर (ऑइल जळतंय), आणि थांबता न थांबणारा गोडसर वासाचा पांढरा धूर (कूलंट आत जातंय). सोबत निदानाचं स्कॅनर असलेला मेकॅनिक न्या, आणि त्याला एरर कोडच्या सोबत गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्यात का तेही बघायला सांगा. कोणी सकाळीच कोड पुसून दिवा घालवला असेल तर त्या तपासण्या अपूर्ण दिसतात, पुन्हा पूर्ण व्हायला गाडी बऱ्यापैकी चालवावी लागते. अलीकडेच बॅटरी काढली असेल तरीही तसं दिसतं, म्हणून विचारून घ्या. चेसिस नंबर मात्र तिथेच कागदाशी ताडून बघा, आणि तो कंपनीच्या रिकॉलच्या यादीत घालून बघा, टकाटा या जपानी कंपनीच्या सदोष एअरबॅगा बदलण्यासाठी जगभरात कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या आणि त्यातल्या कितीतरी न बदलता हातोहात विकल्या गेल्यात.

प्रश्न : ताई, आमची जुनी गाडी बाबांनी घेतलेली, १८ वर्षं झाली, बाबा आता नाहीत. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीएवढा निघतोय आणि मेकॅनिक म्हणतो काढून टाका. काढवत नाही. दुरुस्त केली तर वेडेपणा होईल का?

उत्तर : वेडेपणा मुळीच नाही. पण खर्च कशाचा आहे यावर ठरवा. गिअरबॉक्स, क्लच, शॉकअप असा असेल आणि पत्रा शाबूत असेल तर त्या पैशात तुम्हाला ओळखीची गाडी मिळते, जिचा एकेक आवाज तुम्हाला माहीत आहे, अनोळखी जुनी गाडी घेण्यापेक्षा कधी कधी ते बरंच असतं. गंज चेसिसपर्यंत किंवा सीटबेल्ट जिथे बोल्टने बसवतात तिथपर्यंत गेला असेल तर मात्र नका, त्या गाडीत मुलं बसवू नका, मग ती बाबांची असली तरी. तसं असेल तर दुसरी गाडी आली तरी ही महिनाभर राहू द्या, नवीन आलेलीत काय निघतंय ते कळेपर्यंत घरात एक चालती गाडी हवीच. आणि देताना घेणाऱ्याला गंज कुठे आहे ते स्वतः वाकून दाखवा, बाबांच्या वेळेपासूनची बिलं एका फाइलमध्ये लावून सोबत द्या, ऑइल शेवटचं किती किलोमीटरला बदललं ते वरच्या कागदावर पेनाने लिहा. चावीला बाबांनी लावलेलं काही असेल तर ते काढून घ्या, ते तुमच्याकडे राहू द्या.